ठिबकच्या पॅनेलमध्ये डीएस३२३१ : लाईट आली की घड्याळ मागं जातं, मोटार लागली की १६५:१६५:८५

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. ठिबकच्या पंपासाठी टायमर केलाय. जोडणी अशी:

आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), ५ व्होल्टवर. घड्याळाचं डीएस३२३१ मॉड्यूल (निळं, झेडएस-०४२ छापलेलं), त्यात सीआर२०३२ सेल. एसडीए (डेटाची वायर) ए४ ला, एससीएल (ठोक्यांची वायर) ए५ ला. त्याच दोन वायरींवर १६ बाय २ चा एलसीडी. ५ व्होल्टचं एक रिले, त्यातून स्टार्टरच्या कॉइलचा फेज. एकच मोबाइल चार्जर सगळ्यांना पुरवतो.

त्रास दोन. लाईट जाऊन आली की कधीकधी घड्याळ थेट प्रोग्राम चढवला त्या तारखेला आणि वेळेला जातं. दुसरं, मोटार लागताना किंवा सुटताना पडद्यावर १६५:१६५:८५ अशी वेळ येते, कधी सगळंच थिजतं. चिप खराब म्हणायची का? दुसरी कुठली घ्यावी?

---

सोल्डरगन

चिप बदलू नका. दोन्ही लक्षणं ओळखीची आहेत आणि एकाचाही चिपशी संबंध नाही.

आधी १६५. घड्याळाच्या चिपमध्ये वेळ बीसीडीत असते, म्हणजे बाइटचा वरचा अर्धा भाग दशक आणि खालचा एकक. वायरीवर उत्तरच आलं नाही तर पुल-अपमुळं (रिकामी वायर वर ओढून धरणारे रेझिस्टर) सगळे बिट १ वाचले जातात, म्हणजे बाइट २५५. बीसीडीतून साधा आकडा काढताना लायब्ररी २५५ मधून १५ गुणिले ६, म्हणजे ९० वजा करते. राहिले १६५. सेकंदाच्या बाइटचा वरचा बिट आधी पुसतात, तिथं १२७ वजा ४२, म्हणजे ८५. तेव्हा १६५:१६५:८५ ही चुकीची वेळ नव्हेच, 'घड्याळाकडून उत्तर आलं नाही' हा निरोप आहे. प्रोग्राममध्ये तास २३ च्या, मिनिट ५९ च्या वर आलं तर ते वाचन टाकून द्या आणि रिलेला हात लावू नका.

आता मागं जाण्याचं. घड्याळ नेमकं प्रोग्राम चढवल्याच्या वेळेला जातंय, १ जानेवारी २००० ला नाही, हा मोठा पुरावा आहे. सेटअपमध्ये वेळ लावायची ओळ कशी लिहिलीय? विनाअट की 'लॉस्टपॉवर' (घड्याळाची वीज गेली होती का ते सांगणारं फंक्शन) तपासून?

---

द्राक्षबाग_तासगाव

लॉस्टपॉवर तपासूनच. लायब्ररीच्या नमुन्यात होतं तसं. खरं असेल तरच कंपाइलची तारीख-वेळ चढते.

---

सोल्डरगन

मग सेल गेलाय, आणि तुमचाच प्रोग्राम ते झाकतोय.

डीएस३२३१ च्या स्टेटस रजिस्टरमध्ये (हेक्स ०एफ) सातवा बिट ओएसएफ. ऑसिलेटर कधीही थांबला की तो १ होतो आणि आपण पुसेपर्यंत १ च राहतो. लॉस्टपॉवर हाच बिट वाचतं. लाईट गेली, सेलमध्ये जीव नाही, घड्याळ थांबलं, ओएसएफ १ झाला. लाईट आल्यावर प्रोग्रामनं तो पाहिला आणि कंपाइलची जुनी वेळ लावून बिट पुसून टाकला. पडद्यावर तारीख बरी दिसते, म्हणून कुणाला शंका येत नाही. हा नमुना टेबलावर ठीक आहे, शेतात घातक.

शेतातल्या पॅनेलला ओएसएफ १ दिसला तर एकच करायचं: रिले बंद, पडद्यावर 'वेळ लावा', आणि बटणानं माणूस वेळ लावेपर्यंत थांबायचं. कंपाइलची वेळ अंतिम प्रोग्राममधून काढूनच टाका. तशीही ती प्रोग्राम चढायला लागतात तेवढे सेकंद मागं असते.

जाता जाता, त्याच नमुन्यात 'घड्याळ सापडलं नाही तर इथंच फिरत राहा' अशी एक ओळ असते. तीही काढा. सुरुवातीच्या एका चुकलेल्या वाचनावर अख्खं पॅनेल मरून पडतं.

---

कृष्णाकाठ

सेल का गेला तेही सांगायला हवं, नाहीतर नवा घालतील आणि तोही जाईल.

त्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट आहे. व्हीसीसीपासून (पुरवठ्याची पिन) २०० ओहमचा रेझिस्टर (वर २०१ छापलेलं) आणि ४१४८ चा काचेचा डायोड, तिथून सेलच्या प्लसला. हे एलआयआर२०३२ ह्या रिचार्जेबल सेलसाठी ठेवलेलं. सीआर२०३२ रिचार्जेबल नाही. ५ व्होल्ट दिले की डायोडचे पॉइंट सहा जाऊन ४.४ व्होल्ट त्या ३ व्होल्टच्या सेलवर बसतात. सेल फुगतो, पाझरतो, होल्डरचे पत्रे हिरवे पडतात. एलआयआर घातला तरी फार बरं नाही, त्याची कमाल मर्यादा ४.२.

उपाय सोपा: २०१ चा रेझिस्टर किंवा तो डायोड, दोन्हींतलं एक उचलून टाका. सोल्डरिंग आयर्न दोन्ही टोकांना आलटून पालटून लावलं की रेझिस्टर सरकून येतो. खात्री अशी करा: सेल काढून ठेवा, ५ व्होल्ट द्या, होल्डरचा प्लस आणि ग्राउंड यांच्यात मल्टिमीटर धरा. आधी साडेचारच्या आसपास दिसतं, रेझिस्टर काढल्यावर ते दिसायचं बंद होतं.

मग नवा सीआर२०३२. लाईट नसताना ही चिप जास्तीत जास्त ३ मायक्रोअँपिअर घेते. सेल साधारण २२० मिलिअँपिअर-अवरचा, म्हणजे दिवसरात्र सेलवरच राहिली तरी हिशोबानं आठ वर्षं. सहा महिन्यांत सेल संपत असेल तर दोष सेलचा नाही, ह्या चार्जिंगचा.

चिपला सेलकडून किमान २.३ व्होल्ट लागतात. मी २.७ ला बदला म्हणेन. बदलताना मॉड्यूलचे ५ व्होल्ट चालू असले तर वेळ जात नाही. पण पॅनेलमध्ये तीन फेज जिवंत ठेवून सेल बदलायला जाऊ नका! मेन स्विच पाडा, नॅनोला यूएसबीवरून पॉवर बँक लावा, मग बदला.

---

वाईचा_वायरमन

चार्जिंगची भानगड मॉड्यूलला ३.३ व्होल्टवर चालवलं तरी मिटते. ३.३ वजा पॉइंट सहा, २.७ उरले, सेल ३ चा, करंट जातच नाही. डीएस३२३१ ला २.३ ते ५.५ काहीही चालतं.

माझा प्रश्न शेजारचाच. महाबळेश्वरकडं स्ट्रॉबेरीच्या पॉलिहाऊसला ईएसपी३२ (३.३ व्होल्टचा कंट्रोलर बोर्ड) आणि डीएस१३०७ (जुनी घड्याळाची चिप) जोडायचंय. १३०७ पडून आहे म्हणून. चालेल का?

---

कृष्णाकाठ

नाही चालणार. १३०७ ही पाच व्होल्टचीच चिप, ४.५ ते ५.५. शिवाय व्हीसीसी सेलच्या व्होल्टेजच्या सव्वापटीखाली आलं की ती लाईट गेली असं समजून दार बंद करते. सेल ३ चा तर सव्वापट ३.७५. ३.३ व्होल्टवर ती कधीच उत्तर देणार नाही, आणि गंमत म्हणजे सेल काढून ती जागा ग्राउंड केली की कधीकधी देते. त्यावरून लोक सेलला दोष देतात.

५ व्होल्टवर चालवून फक्त वायरी ईएसपीला जोडायच्या म्हटलं तर मॉड्यूलवरचे पुल-अप ५ ला बांधलेले, ईएसपीच्या पिना ३.३ च्या. लेव्हल शिफ्टर घालावा लागेल. तेवढ्या खटाटोपापेक्षा ३२३१ घ्या, ३.३ वर चालवा. ईएसपी३२ ला एसडीए २१, एससीएल २२.

आणखी एक, महाबळेश्वर म्हणून. १३०७ चा क्रिस्टल बाहेर असतो आणि त्याच्या दोन पिना फार नाजूक. पावसाळ्यातली ओल, सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स, बोटाचा घाम, एवढ्यानं ऑसिलेटर अडखळतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन, वाळवून कोटिंग मारलंत तरच तिथं टिकेल. ३२३१ मध्ये क्रिस्टल चिपच्या पोटातच आहे.

---

बिट_बाय_बिट

१३०७ नवी असेल तर सेकंदाच्या रजिस्टरचा सातवा बिट (सीएच, म्हणजे क्लॉक हॉल्ट) सुरुवातीला १ असतो, घड्याळ थांबलेलं. 'वेळ येते पण सरकत नाही' ह्या तक्रारीचं नेहमीचं उत्तर हेच. सेकंद लिहिले की बिट ० होतो आणि चालू पडते.

सुटी चिप वापरणाऱ्यांसाठी: क्रिस्टल ३२.७६८ किलोहर्ट्झ, १२.५ पिकोफॅरड लोडचाच हवा. बाजारात ६ पिकोचेही तसेच दिसतात. तो लावला तर घड्याळ मागं पडतं. आणि क्रिस्टलला बाहेरून दोन कपॅसिटर लावायची सवय इथं सोडा, ते चिपच्या आत आहेत. वरून आणखी लावले तरी मागंच पडणार.

---

सोल्डरगन

वायरमनसाहेब, ३२३१ का घ्या ते आकड्यांत बघा.

साधा क्रिस्टल २५ अंशाला आपल्या जागी असतो. त्याच्या वर-खाली गेलात की दर अंशाच्या वर्गाला साधारण ०.०३५ पीपीएमनं (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) मंद होतो. सांगली-मिरजेकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ५५ धरा. फरक ३० अंश, वर्ग ९००, म्हणजे ३१ पीपीएम, म्हणजे दिवसाला पावणेतीन सेकंद मागं. तुमच्याकडं थंडीत १० अंश असले तर १५ चा वर्ग २२५, साधारण ८ पीपीएम, दिवसाला पाऊण सेकंदाच्या आत, तेही मागंच. ऊन असो की थंडी, तापमानापायी ते पुढं कधी जात नाही. यात क्रिस्टलचा मूळचा २० पीपीएमचा फरक वेगळा, तो एकटाच महिन्याला ५० सेकंद खातो.

३२३१ दर ६४ सेकंदांनी स्वतःचं तापमान मोजून क्रिस्टल सुधारून घेते. ० ते ४० अंशांत २ पीपीएम, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. त्यापलीकडं ३.५. नावाच्या शेवटी एम असलेली जात वेगळी, तिच्यात क्रिस्टल नसून मेम्स (सिलिकॉनचा बारीक कंपक) आहे आणि ती ५ पीपीएमची. ठिबकला तीही भरपूर झाली.

---

कृष्णाकाठ

आता मूळ धाग्याकडं. मोटार लागताना १६५ का येतं?

त्यांच्या जोडणीत नॅनो, एलसीडी, घड्याळ आणि रिले एकाच चार्जरवर. रिले ओढला की ५ व्होल्ट खाली बसतात, स्टार्टरची कॉइल सुटली की ठिणगीचा झटका वायरींतून आत येतो. ह्या क्रमानं करा, पहिल्या तीनांतच बहुतेकांचं काम होतं.

स्टार्टरच्या कॉइलला समांतर स्नबर (झटका शोषणारी जोडी): १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकापुढं एक. मात्र कॉइल कितीची ते आधी बघा. ४१५ व्होल्टच्या कॉइलवर बाजारात सर्रास मिळणारा २७५ व्होल्टचा एक्स-२ कपॅसिटर लावायचा नाही, तो फुटतो. ४४० व्होल्ट एसीचा मागून घ्या. हे काम हाताखालचा पॅनेलवाला करत असेल तर त्यालाही सांगा.

रिलेला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा. ऑप्टो (प्रकाशातून सिग्नल देऊन दोन बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) असलेल्या मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या पुरवठ्याची पिन) जंपर काढूनच तो खरा वेगळा होतो, जंपर तसाच ठेवला तर ऑप्टो नुसता शोभेला. सुटं रिले असेल तर कॉइलवर उलटा ४००७ डायोड आहे ना ते बघा.

घड्याळाच्या व्हीसीसी-ग्राउंडवर, अगदी पिनांशी, १०४ नंबरचा कपॅसिटर. एसडीए-एससीएल २० सेंटिमीटरच्या आत, आणि स्टार्टरच्या वायरींबरोबर एका पट्टीतून नको. पीळ द्यायचा तर एसडीए ग्राउंडबरोबर आणि एससीएल वेगळ्या ग्राउंडबरोबर. दोघींना एकमेकींत पीळ घातला तर एकीचे ठोके दुसरीत ऐकू जातात.

पुल-अप वाढवू नका. मॉड्यूलवर ४.७ के आहेत, एलसीडीच्या पाठीवरही बहुधा आहेत, दोन्ही समांतर. ५ व्होल्टवर एकत्रित दीड केच्या खाली गेलं तर चिपला लाइन शून्यावर ओढता येत नाही, तिची ताकद ३ मिलिअँपिअरची.

---

द्राक्षबाग_तासगाव

रेझिस्टर २०१ सापडला. सेल मोजला, १.९ व्होल्ट. थिजण्याचं काय? ते रीसेट दाबूनही कधी जात नाही, लाईट काढून लावावी लागते.

---

बिट_बाय_बिट

रीसेटनं जात नाही ह्यातच उत्तर आहे. नॅनो वाचनाच्या मधोमध रीसेट झाली तर घड्याळाला ते कळत नाही. ते पुढच्या ठोक्याची वाट बघत एसडीए शून्यावर धरून बसतं. नॅनो उठते, लाइन मोकळी नाही म्हणून थांबते. दोघं एकमेकांची वाट बघतात. तुमच्या सेलमध्ये जीव नाही, त्यामुळं पॉवर काढली की अख्खी चिपच बंद पडते आणि लाइन सुटते, म्हणून लाईट काढल्यावर जमतं.

सेटअपमध्ये वायर लायब्ररी (ह्या दोन वायरींवर बोलणारा कोड) सुरू करण्याआधी हे करा: एसडीए इनपुट ठेवून वाचा. शून्य असेल तर एससीएलला जास्तीत जास्त ९ ठोके द्या, प्रत्येक ठोक्यानंतर एसडीए सुटली का बघा. सुटली की एससीएल वर असताना एसडीए खालून वर न्या (तो स्टॉप), मग वायर लायब्ररी सुरू.

शिवाय वायर लायब्ररीचा टाइमआउट चालू करा, २५,००० मायक्रोसेकंद, रीसेट 'खरं'. एव्हीआरवर (नॅनोवरची चिप) तो आपणहून चालू नसतो. आणि ८ सेकंदांचा वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर रीसेट करणारा टायमर). इथं एक खड्डा आहे: जुना बूटलोडर (प्रोग्राम चढवून घेणारा आतला छोटा प्रोग्राम) असलेली नॅनो वॉचडॉगनं रीसेट झाली की बूटलोडरातच पुन्हापुन्हा रीसेट होत राहते, एलईडी भरभर लुकलुकतो. आधी ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवा.

सातही रजिस्टरं एका दमात वाचा हे सांगायचं राहिलं. चिप वाचन सुरू होताच वेळेची एक प्रत बाजूला धरते. तास वेगळा आणि मिनिट वेगळं वाचलंत तर ५:५९:५९ ला तास ५ आणि मिनिट ०० हाती येतं, म्हणजे एक तास मागं.

---

सोल्डरगन

बरं, घड्याळ सुधारलं तरी एक चूक ह्या सगळ्या टायमरांत असते. 'तास ६ आणि मिनिट ० झालं की मोटार लाव' अशी अट. शेतीची लाईट कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. सहाला लाईट नसली तर त्या दिवसाचं पाणी बुडालं, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी आली तरी अट परत खरी होत नाही.

बरोबरी तपासू नका, पट्टा तपासा. वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत धरा (तास गुणिले ६० अधिक मिनिट):

जर सुरू < शेवट : चालू = (आता >= सुरू) आणि (आता < शेवट)
नाहीतर : चालू = (आता >= सुरू) किंवा (आता < शेवट)

दुसरी ओळ रात्री १० ते सकाळी ६ सारख्या मध्यरात्र ओलांडणाऱ्या पट्ट्यासाठी. ती नसली तर रातपाळीला पंप लागतच नाही आणि लोक पुन्हा घड्याळ तपासत बसतात.

पट्ट्याच्या आत 'एकूण किती मिनिटं पाणी दिलं' हे मोजा. १८० मिनिटं ठरली असतील तर लाईट तीनदा गेली तरी बेरीज १८० व्हायला हवी. त्यासाठी झालेली मिनिटं दर मिनिटाला साठवावी लागतात.

---

कृष्णाकाठ

साठवायची कुठं हा प्रश्न पुढं येतोच. नॅनोच्या आतल्या ईईप्रॉमला (लाईट गेली तरी टिकणारी मेमरी) १ लाख लिखाणं. दिवसाला १८० धरली तर दीड वर्षात तो कप्पा संपला. त्याच निळ्या मॉड्यूलवर एटी२४सी३२ ही वेगळी ईईप्रॉम आहे, पत्ता हेक्स ५७, जागा ४०९६ बाइट, लिखाणं १० लाख. १८० च्या हिशोबानं पंधरा वर्षं. बहुतेकांच्या पॅनेलमध्ये ती बिचारी रिकामीच बसलेली असते. (घड्याळाचा पत्ता हेक्स ६८, एलसीडीचा २७ किंवा ३एफ, कुणाची टक्कर नाही.)

लिहायला ५ ते १० मिलिसेकंद लागतात आणि नेमकी तेव्हाच लाईट जाऊ शकते. म्हणून दोन प्रती, प्रत्येकीत पट्टा सुरू झाल्याची तारीख, मिनिटं आणि चेकसम (नोंद बिघडली का ते ओळखायचा आकडा). एक बिघडली तर दुसरी घ्या. तारीख पट्टा सुरू झाल्याचीच हवी, आजची नको, नाहीतर रातपाळीला बारा वाजता हिशोब शून्यावर येतो आणि बागेला दुप्पट पाणी जातं.

---

वाईचा_वायरमन

रिलेबद्दल एक भर. ते मॉड्यूल बहुधा 'लो' वर ओढणारं असतं. पिन आउटपुट करण्याआधी तिच्यावर 'हाय' लिहा, मग आउटपुट करा. उलट क्रम केला तर दर रीसेटला मोटारीला एक ठोसा बसतो.

लाईट आल्याबरोबर मोटार मारू नका, तीन-चार मिनिटं थांबा. ऑटो स्टार्टरवाल्या सगळ्या मोटारी तेव्हाच उठतात आणि व्होल्टेज पडलेलं असतं. आणि आपला टायमर प्रिव्हेंटरच्या (एक फेज गेली की मोटार बंद करणारं यंत्र) एकापुढं एक जोडायचा, त्याला वळसा घालून नाही. एक फेज गेलेली घड्याळाला कळत नाही.

---

द्राक्षबाग_तासगाव

रेझिस्टर काढला, नवा सेल ३.२ व्होल्ट. रिलेचा पुरवठा वेगळा केला, जंपर काढला. कॉइल ४१५ चीच आहे, ४४० वाला कपॅसिटर मागवलाय. ओएसएफ आणि ९ ठोक्यांचा भाग लिहितोय. एकच शेवटचं: फोनशी ताडून बघितलं तर घड्याळ ३० दिवसांत ५ सेकंद पुढं गेलं असं धरू, ते सुधारता येतं का?

---

बिट_बाय_बिट

येतं. ३० दिवसांचे २५,९२,००० सेकंद. ५ भागिले तेवढे, म्हणजे १.९३ पीपीएम. एजिंगचं रजिस्टर हेक्स १०, त्याचा एक आकडा २५ अंशाला साधारण ०.१ पीपीएम. धन आकडा घड्याळ मंद करतो. तेव्हा अधिक १९, हेक्स १३ लिहा. मागं पडत असतं तर ऋण आकडा, टूज कॉम्प्लिमेंटमध्ये.

पुढच्या तापमान मोजणीला तो लागू होतो. सेल आणि लाईट दोन्ही एकदम गेले तर हे रजिस्टर शून्यावर येतं, म्हणून आकडा प्रोग्राममध्येच ठेवा आणि दर सुरुवातीला लिहा.

फक्त फोनशी ताडताना दोन्ही वेळा सेकंद बदलतानाचा क्षण पकडा. आणि मधल्या ३० दिवसांत बटणानं वेळ लावू नका.

---

सोल्डरगन

पाच सेकंदांसाठी एवढं कशाला, द्राक्षाच्या वेलीला कळणार आहे होय! आधी कपॅसिटर बसवा, मोटार वीसदा चालू-बंद करून बघा. १६५ एकदा जरी दिसलं तर पॅनेलच्या वायरिंगचा फोटो टाका, पुरवठ्याच्या वायरी कुठून वळवल्यात ते दिसू दे.